कर्न पठाराचे जुने टोपो नकाशे: मेंढपाळांच्या वाटा, सर्व्हेअरांची मेहनत आणि व्हिटनीचा घोळ

पाथरवट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सह्याद्रीच्या टोपोशीटवर (जमिनीचा उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशांवर) इथे अधूनमधून चांगली चर्चा होते, ती मी आवडीने वाचतो. आज जरा लांबच्या डोंगरांबद्दल लिहितोय. मी कॅलिफोर्नियात राहतो आणि सिएरा नेवाडा रांगेच्या दक्षिण टोकाचे जुने नकाशे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. योसेमिटीबद्दल मराठीत भरपूर लिहून झालंय, माउंट व्हिटनीबद्दलही थोडंफार सापडतं. व्हिटनीच्या दक्षिणेला पसरलेल्या कर्न पठाराबद्दल मात्र फारसं वाचायला मिळत नाही.

आधी जागा समजून घेऊ. पूर्वेला ओवेन्स खोरं. तिथलं लोन पाइन गाव साधारण ३,७०० फुटांवर आहे आणि गावाच्या पश्चिमेला डोंगराची भिंतच उभी आहे. ती चढून गेल्यावर पलीकडे तसाच उतार असेल असं वाटतं, पण वर ८ ते १० हजार फुटांवर ऐसपैस पठार लागतं. लांबच लांब कुरणं, त्यातून वळणं घेत जाणारी कर्न नदीची दक्षिण शाखा, कडेने पाइनचं रान. पठार संपतं ते पश्चिमेला मुख्य कर्न नदीच्या खोल दरीपाशी. ही दरी एका जुन्या भ्रंशरेषेला धरून जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण गेलेली आहे. मोनाची, टेम्पलटन, रॅमशॉ, मल्की ही इथली मोठी कुरणं. त्यातलं मोनाची अख्ख्या सिएरातलं सर्वांत मोठं मानलं जातं.

आता ही नावं बघा. बेंजामिन टेम्पलटन हा मेंढ्यांचा मालक. पीटर रॅमशॉ १८६१ पासून पुढची वीसेक वर्षं या भागात गुरं राखणारा. सायरस मल्की हा १८७१ ते १८७४ या काळात इन्यो काउंटीचा शेरीफ. सरकारी सर्व्हेअर कंटूर (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) काढायला वर पोहोचले, त्याच्या एक पिढी आधीपासून ही माणसं उन्हाळ्यात जनावरं घेऊन वर जात होती. कुठल्या खिंडीतला बर्फ आधी वितळतो, कुठला झरा ऑगस्टपर्यंत टिकतो, नदी कुठे ओलांडता येते, हे सगळं त्यांना पायाखालचं होतं. या पठाराचा नकाशा ‘निर्मनुष्य रानाचा’ म्हणून दाखवला जातो, ते मला अजिबात पटत नाही. सर्व्हेअरनी त्याला उंची आणि अंतर दिलं. वाटा, पाणवठे आणि बरीचशी नावं चराईवाल्यांकडून आली.

नकाशांचा क्रम थोडक्यात सांगतो.

पहिली मोठी मोहीम कॅलिफोर्नियाच्या राज्य भूशास्त्रीय सर्वेक्षणाची. ते १८६० साली सुरू झालं, प्रमुख जोसाया व्हिटनी. १८६४ च्या उन्हाळ्यात विल्यम ब्रूअर, नकाशाकार चार्ल्स हॉफमन, क्लॅरेन्स किंग, जेम्स गार्डिनर आणि रिचर्ड कॉटर अशी पाच जणांची तुकडी दक्षिण सिएरात शिरली. हॉफमनच्या त्या काळच्या नकाशांत कंटूर नाहीत. उतार बारीक रेघोट्यांच्या छटेने दाखवलेले आहेत. दिसायला फार देखणे, पण त्यावरून दोन ठिकाणांच्या उंचीतला फरक काढता येत नाही.

त्यानंतर यूएसजीएस, म्हणजे अमेरिकेचं केंद्रीय भूशास्त्रीय सर्वेक्षण खातं. १८७९ साली स्थापना, पहिला संचालक हाच क्लॅरेन्स किंग. दुसरा संचालक जॉन वेस्ली पॉवेल याच्या काळात देशभर टोपो नकाशे करण्याचं काम सुरू झालं. आपल्या भागाच्या ‘माउंट व्हिटनी’ आणि ‘ओलांचा’ या दोन शीट १९०७ साली छापल्या गेल्या. प्रमाण १:१,२५,०००, म्हणजे एका इंचात जवळपास २ मैल. कंटूरमधलं अंतर १०० फूट. एका शीटमध्ये अक्षांश-रेखांशाचा अर्धा अर्धा अंश, इथल्या अक्षांशावर ते साधारण साडेनऊशे चौरस मैल होतात. एवढं क्षेत्र मोजायला हातात काय, तर थोडकी माणसं, खेचरं, आणि उन्हाळ्याचे मोजके महिने.

१९५० च्या दशकात हवाई छायाचित्रांवरून १५ मिनिटांच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) शीट आल्या, प्रमाण १:६२,५००, कंटूर ८० फुटांचे. आणि मग साडेसात मिनिटांची १:२४,००० ची मालिका, ती अलास्का सोडून देशभर १९९२ च्या सुमारास पूर्ण झाली. जुन्या एका शीटच्या जागी नव्या सोळा.

हे सगळे नकाशे यूएसजीएसने स्कॅन करून फुकट उपलब्ध केले आहेत. ज्यांना असल्या गोष्टींची आवड आहे त्यांनी ‘ओलांचा १९०७’ उतरवून घ्या आणि शेजारी १५ मिनिटांची शीट उघडा. चर्चा त्यावरच करू.

सह्यभटक्या

जबरदस्त धागा! ओलांचा उतरवून घेतली. पहिली गोष्ट जाणवली ती रंगांची. कंटूर तपकिरी, पाणी निळं, वाटा आणि नावं काळी, बस. जंगलाचा हिरवा रंगच नाही. त्यामुळे कुरण कुठे संपतं आणि रान कुठे सुरू होतं ते कळत नाही. असं का?

पाथरवट

त्या काळच्या शीट तांब्याच्या पत्र्यावर कोरून तीन रंगांत छापत, प्रत्येक रंगाला वेगळा पत्रा. हिरवा रंग नंतर सर्रास आला. म्हणून १९०७ ची शीट वाचताना कुरण ओळखायचं ते कंटूर किती विरळ आहेत यावरून आणि नावावरून.

मोजणीदार

धागा बघून राहवलं नाही. मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो. आमची सुरुवातीची सगळी मोजणी प्लेन टेबलवर, म्हणजे तिपाईवरच्या सपाट फळीवर. शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ बाय ३३ चा एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. बांधावर तिपाई लावायची, टेबल पाणसळीत आणायचं, कागद ताणून बसवायचा आणि जागेवरच नकाशा काढायचा. नंतर ऑफिसात बसून आठवून काढायचं काम नाही. जे दिसतं ते तिथेच कागदावर उतरतं, आणि चुकलं तर तिथेच कळतं. शेताच्या सपाटीवर साखळी धरायला दोन माणसं असली की झालं. पण १४ हजार फुटी डोंगरात साखळी धरणार कोण? तिथे अंतर कसं काढत होते, ते कुणी नीट सांगेल का?

रेखांश

मोजणीदार काका, तुमच्यासारख्या माणसाने विचारलंय तर जरा सविस्तर सांगतो. मी सर्व्हेइंग शिकवतो.

तत्त्व एकच: अंतर मोजायचं नाही, छेदायचं. आधी त्रिकोणमितीने काही शिखरांच्या जागा पक्क्या केलेल्या असतात आणि त्या कोऱ्या कागदावर टिंबं म्हणून आधीच मांडलेल्या असतात. सर्व्हेअर अशाच एका शिखरावर टेबल लावतो. टेबलावर दुर्बिणीची एलिडेड ठेवतो, म्हणजे खाली पोलादी पट्टी आणि तिच्यावर दुर्बीण. समोर अजून न मोजलेला सुळका दिसतोय, त्यावर दुर्बीण रोखायची आणि पट्टीच्या कडेने पेन्सिलची रेघ मारायची. मग दुसऱ्या शिखरावर जाऊन त्याच सुळक्यावर दुसरी रेघ. दोन रेघा छेदतात तिथे सुळका. तिसऱ्या जागेवरून मारलेली रेघ त्याच बिंदूतून गेली तर काम बरोबर, नाही गेली तर कुठेतरी टेबल हललंय.

उंचीसाठी दुर्बिणीचा उभा कोन वाचायचा. अंतर कागदावरून मिळालंच आहे, त्यामुळे त्रिकोण सुटतो. मात्र लांबच्या अंतरावर पृथ्वीची वक्रता आड येते, आणि हवेतून येताना प्रकाश वाकतो तो वेगळाच. दोन्हींचा मिळून हिशेब फुटांत करायचा तर मैलांचा वर्ग गुणिले साधारण ०.५७. दहा मैलांवरच्या सुळक्यासाठी ५७ फूट! ही दुरुस्ती विसरलात तर १०० फुटांच्या कंटूरमध्ये अर्ध्याहून जास्त घसरलात.

आणखी एक अडचण. दरीत उतरलात, आपण नेमके कुठे आहोत ते कागदावर नाही. अशा वेळी ओळखीची तीन शिखरं दिसली पाहिजेत. तिन्हींवरून उलट रेघा आणायच्या आणि त्या एका बिंदूत येईपर्यंत टेबल बारीक बारीक फिरवायचं. घनदाट पाइनमध्ये तीन शिखरं एकदम दिसणं हेच मोठं दिव्य.

टेबलचं डोकं हाही वाखाणण्यासारखा भाग. विलर्ड जॉन्सन नावाचा यूएसजीएसचाच टोपोग्राफर होता. याच माणसाने १८८३ साली माउंट लायलच्या हिमनदीच्या भेगेत उतरून आतली पाहणी केली होती. त्याने तिपाईवरचा असा सांधा तयार केला की टेबल आधी पाणसळीत आणून घट्ट करता येतं आणि मग पाणसळ न बिघडवता आडवं फिरवता येतं. उतारावर, वाऱ्यात, गोठलेल्या बोटांनी काम करणाऱ्याला याची किंमत कळते.

मोजणीदार

वा. तीन रेघांचं आम्हीही करायचो, पण सुळक्यांऐवजी विहीर, देऊळ आणि गावाच्या वेशीवरचा दगड धरून. आणि टेबल एकदा बसवलं की त्यावर कोपर टेकवणाऱ्या शेतकऱ्याला लांब ठेवणं हे निम्मं काम. कंटूरही जागेवरच काढत होते का?

रेखांश

हो काका, जागेवरच. मोजलेले बिंदू मोजकेच असायचे. त्यांच्यामधली प्रत्येक कंटूर समोरचा डोंगर बघून हाताने रेखलेली. म्हणून या शीटमध्ये काढणाऱ्याची नजर कळते. चांगल्या टोपोग्राफरला हिमनदीने कोरलेली दरी आणि पाण्याने कोरलेली दरी यातला फरक कळायचा आणि तो रेषेत उतरायचा. फ्रान्स्वा मात्तेसचं ग्रँड कॅनियन आणि योसेमिटीचं काम याचा उत्तम नमुना आहे. आणि हो, शीटच्या खालच्या कोपऱ्यात टोपोग्राफरची नावं आणि मोजणीचं साल छापलेलं असतं, ते आधी वाचा. छपाईचं साल आणि मोजणीचं साल वेगळं असतं.

चौकस चिमणी

शीर्षकात व्हिटनीचा घोळ म्हटलंय तो अजून आलाच नाही. वाट बघतेय.

पाथरवट

घ्या.

१८६४ साली किंग आणि कॉटर माउंट टिंडलवर चढले. वरून दक्षिणेला त्याहून उंच शिखर दिसलं, त्याला त्यांनी आपल्या प्रमुखाचं, व्हिटनीचं नाव दिलं. किंगने त्याच उन्हाळ्यात तिथे पोहोचायचा पुन्हा प्रयत्न केला. यावेळी तो पश्चिमेकडून, जॉन हॉकेटने नुकत्याच काढलेल्या वाटेने आला. ही वाट ओवेन्स खोऱ्यापलीकडच्या कोसो भागातल्या चांदीच्या खाणींसाठी होती, आणि ती कर्न दरी ओलांडून याच पठारावरून जात होती. वाट किती उपयोगी पडली ते यावरून कळतं. शिखर मात्र काहीशे फुटांनी राहिलं.

१८७१ साली किंग पुन्हा आला, आता लोन पाइनच्या बाजूने. ढगांतून चढत एका माथ्यावर पोहोचला, आपण व्हिटनीवर आहोत असं मानलं आणि पुढच्या वर्षी पुस्तकातही तसंच लिहिलं. तो माथा खरा व्हिटनी नव्हताच. दक्षिणेला पाचेक मैलांवर असलेलं, आज माउंट लँगली म्हणतात ते शिखर होतं. जुलै १८७३ मध्ये डब्ल्यू. ए. गुडइयर आणि त्याचा सोबती त्याच माथ्यावर चक्क खेचरांवर बसून गेले, आणि वरून त्यांना उत्तरेला अधिक उंच शिखर स्वच्छ दिसलं. गुडइयरने ते ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विज्ञानसभेत मांडलं. बातमी किंगपर्यंत पोहोचेपर्यंत, १८ ऑगस्ट १८७३ रोजी, लोन पाइनचे तिघे खऱ्या शिखरावर जाऊन आले: चार्ली बेगोल, जॉनी लुकस आणि अल जॉन्सन. कर्न दरीत मासे धरायला गेलेली माणसं ती. किंग १९ सप्टेंबरला पोहोचला. गावकऱ्यांनी ‘फिशरमन्स पीक’ हे नाव लावून धरलं, ते टिकलं नाही.

यात मला महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: देशातला सर्वांत नावाजलेला भूशास्त्रज्ञ जिथे चुकला तिथे खोऱ्यातली साधी माणसं चुकली नाहीत, कारण त्यांचा त्या डोंगराशी रोजचा संबंध होता.

सह्यभटक्या

व्हिटनीची उंची तरी नक्की किती? कुठे १४,४९४ फूट, कुठे १४,४९६, कुठे १४,५०५. डोंगर वाढतोय का?

रेखांश

शिखरावरच्या जुन्या फलकावर १४,४९६.८११ फूट असं तीन दशांश स्थळांपर्यंत आहे, यूएसजीएसच्या छोट्या पितळी चकतीनुसार १४,४९४. आजचा मान्य आकडा १४,५०५. डोंगराने दहा फुटांची वाढ घेतलेली नाही. आकडा बदलला तो मुख्यतः संदर्भपातळी बदलल्यामुळे. समुद्रसपाटी डोंगराखाली नेमकी कुठून जाते हे मोजून नाही, गणित करून ठरवावं लागतं. १९२९ ची पातळी जाऊन १९८८ ची आली तेव्हा पश्चिमेतल्या डोंगरांच्या उंच्या कागदावर काही फुटांनी वाढल्या. जुन्या शीटवरची उंची जीपीएसशी ताडून बघताना हे लक्षात असू द्या.

आडवाट

चर्चा छान चाललीय, पण एक मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटतोय. चराईवाले पहिले नव्हते. ओवेन्स खोऱ्यात पायुट लोक होते, पठाराच्या दक्षिणेला ट्यूबातुलाबाल. या खिंडींतून पूर्वेकडचा ऑब्सिडियन (हत्यारांसाठीची ज्वालामुखी काच) पश्चिमेला आणि पश्चिमेकडचं धान्य-फळं पूर्वेला जात होती. १८६१ च्या सुमारास गोऱ्यांची गुरं खोऱ्यात आली. पायुटांनी पाटाच्या पाण्यावर जी कंदांची रानं राखली होती तिथे ती चरली, उपासमार झाली आणि लढाई पेटली. जुलै १८६३ मध्ये सैन्याने जवळपास हजार पायुटांना पायी चालवत फोर्ट तेहोनला नेलं. म्हणजे व्हिटनीला ‘नाव मिळालं’ त्याच्या आदल्याच वर्षी खालचं खोरं रिकामं केलं होतं. टेम्पलटन, रॅमशॉ या नावांचं कौतुक करताना त्या नावांखाली काय पुसलं गेलं तेही सांगायला हवं.

पाथरवट

आडवाट, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य, आणि ते या धाग्यात यायलाच हवं होतं. त्यातले बरेच पायुट लोक पुढे खोऱ्यात परत आले. काहींनी त्याच रँचवर गुराखी आणि मजूर म्हणून काम केलं. आजही बिशप, बिग पाइन, इंडिपेन्डन्स आणि लोन पाइन इथे त्यांच्या वस्त्या आहेत. ‘मोनाची’ हे नाव या भागातल्या मूळ लोकांचं. १९०७ च्या शीटवर अशी नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली आहेत. त्याच काळात यूएसजीएसचा रॉबर्ट मार्शल उत्तरेकडे तळ्यांना ओळखीच्या लोकांच्या मुलींची नावं देत होता. योसेमिटीतल्या लष्करी अधिकाऱ्याच्या मुलीवरून डोरोथी लेक, जॉन म्यूरच्या मुलींवरून वांडा आणि हेलन लेक. त्या मुलींबद्दल कुणाची तक्रार नाही, पण नाव देण्याचा हक्क कुणाकडे गेला होता ते यातून स्पष्ट दिसतं.

खडीसाखर

माझा प्रश्न वेगळाच आहे. पठाराचा मोठा भाग आता ‘गोल्डन ट्राउट वाइल्डरनेस’, म्हणजे कायद्याने राखलेलं रान आहे ना? मग तिथे गुरं कशी? मागे एकदा त्या बाजूला फिरताना मला कुंपणं आणि गेट लागली. गेट उघडं ठेवायचं की बंद, यावर आमच्यात बराच वाद झाला.

पाथरवट

गेट जसं सापडलं तसंच ठेवायचं. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. इथल्या रँचवाल्यांचा हा पहिला नियम.

आता गुरांबद्दल. १८९३ साली सिएरा फॉरेस्ट रिझर्व्ह झालं, चाळीस लाख एकरांच्या आसपास. त्यानंतर हळूहळू मेंढ्यांना डोंगराबाहेर काढलं गेलं. पुढे वनखात्याने चराईची परवाना पद्धत आणली. रान ‘अलॉटमेंट’मध्ये वाटलं. कुणाची किती गुरं, कधी वर न्यायची, कधी खाली आणायची, सगळं ठरलेलं. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्यात आधीपासून चालत आलेली चराई चालू राहील अशी स्पष्ट तरतूद आहे. गोल्डन ट्राउट वाइल्डरनेस १९७८ मध्ये झालं, तीन लाख एकरांहून थोडं मोठं. गुरं त्याच्या आधीपासूनची, म्हणून राहिली. मोटार, सायकल, यंत्राची करवत बंद. गाय चालते.

पण कुरणांची हालत बिघडली होती. गुरांनी काठ तुडवले, ओढे खोल खोल चिरत गेले, भूजल खाली गेलं, गवताच्या जागी सेजब्रश (कोरड्या जमिनीतलं झुडूप) आलं. गोल्डन ट्राउट हा कॅलिफोर्नियाचा राज्यमासा, तो मुळात याच पठारावरच्या दक्षिण कर्न शाखेत आणि गोल्डन ट्राउट क्रीकमध्ये राहणारा. २००१ मध्ये इन्यो नॅशनल फॉरेस्टने टेम्पलटन आणि व्हिटनी या दोन अलॉटमेंटना विश्रांती दिली. रँचवाल्या कुटुंबांच्या दृष्टीने हा मोठा घाव होता, आणि त्यांची बाजू मला कळते. तरीही चिरलेला ओढा ज्याने जवळून पाहिलाय त्याला हा निर्णय चुकीचा म्हणवणार नाही.

निळी पेन्सिल

हे तर नकाशावरूनच सिद्ध करता येईल की! १९०७ च्या शीटवर ओढ्यांची निळी रेघ कुरणातून नुसती वळणं घेत जाते, खोल चिरलेली घळ कुठेच दिसत नाही. नव्या शीटवर काही ठिकाणी काठ खोल दिसतात. म्हणजे मधल्या काळात चिरत गेले. मी दोन्ही एकावर एक ठेवून पाहिलं.

रेखांश

निळी पेन्सिल, निष्कर्ष कदाचित बरोबर असेल, पण पुरावा म्हणून हे चालणार नाही. १०० फुटांच्या कंटूरमध्ये दहा फूट खोल घळ दिसणारच नाही, ती १९०७ मध्ये असो वा नसो. इंचाला दोन मैल या प्रमाणात ओढ्याचं प्रत्येक वळण मोजलेलं नसतं. मोकळ्या कुरणात सर्व्हेअर ओढा वळणावळणाचा काढतो, कारण तो तसा दिसतो, पण वळणं किती आणि नेमकी कुठे हे हाताच्या सवयीवर जातं. नवी शीट विमानातून काढलेल्या जोडछायाचित्रांवरून केलेली. दोन वेगळ्या पद्धतींतला फरक म्हणजे जमिनीतला बदल नव्हे. या कामासाठी जुनी छायाचित्रं, ओढ्याच्या काठातले मातीचे थर आणि जमिनीवरची आडवी छेदमापं लागतात.

निळी पेन्सिल

ठीक, पटलं. मग जुन्या शीटवरून विश्वासाने काय काढता येतं?

पाथरवट

वाट होती की नव्हती, हे बऱ्यापैकी. कुठल्या खिंडीतून जात होती, हेही. नाव कधीपासून चालत आलंय, हे नक्की. आणि माणसांनी केलेली मोठी खटपट.

याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे टनेल मेडो. तिथे दक्षिण कर्न शाखा आणि गोल्डन ट्राउट क्रीक एकमेकांच्या अगदी जवळ येतात, मध्ये जमिनीचा लहानसा उंचवटा. एक पाणी दक्षिणेला जातं, दुसरं पश्चिमेला कर्न दरीत कोसळतं. खाली दक्षिण शाखेच्या खोऱ्यात शेती-गुरं असलेल्या रँचवाल्यांना जास्त पाणी हवं होतं. १८८० च्या दशकात त्यांनी त्या उंचवट्यातून बोगदा खणून गोल्डन ट्राउट क्रीकचं पाणी आपल्या बाजूला वळवायचा घाट घातला. माती ठिसूळ, ज्वालामुखीची. बोगदा ढासळला, मग उघडा चर खणला, तोही टिकला नाही. योजना सुटली, पण नकाशावर टनेल मेडो राहिलं, वनखात्याची चौकीही त्याच नावाने. शीटवर तिथले कंटूर बघा. दोन निळ्या रेघांमध्ये जवळजवळ काहीच नाही. कुणालाही हा विचार सुचला असता.

चौकस चिमणी

बाप रे, हे मी आत्ता शीट उघडून बघितलं. खरंच दोन्ही रेघा टेकल्यासारख्या दिसतात!

अवांतर: गोल्डन ट्राउट कॉफीच्या किटलीतून नेले होते अशी गोष्ट ऐकलीय, ती याच भागातली का?

पाथरवट

हो, १८७६ सालची. मल्की क्रीकमधले थोडे मासे किटलीत घालून कॉटनवुड क्रीकमध्ये सोडले. तिथे कर्नल शर्मन स्टीव्हन्सची लाकडाची गिरणी होती. त्या ओढ्यात आधी मासे नव्हतेच. पुढे अनेक तळ्यांत गेलेले गोल्डन ट्राउट या मोजक्या माशांच्या वंशातले.

सह्यभटक्या

आपल्याकडे हे कधी होणार? इंग्रजांच्या काळातल्या एक इंचाच्या शीटसाठी आपल्याला ग्रंथालयं पालथी घालावी लागतात. पुण्याची ४७ एफ मालिका एकाच जागी सगळ्या सालांची मिळाली तर धनगरवाड्यांच्या वाटांवर असाच धागा काढता येईल.

मोजणीदार

भटक्या, २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरची बंधनं बरीच सैल केली, आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या खुल्या मालिकेच्या शीट संकेतस्थळावरून मिळतात. जुन्या मात्र अजून अशा सहज नाहीत. धनगरवाड्यांसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातले गावनकाशे बघ. त्यात वहिवाटीच्या वाटा तुटक रेघेने असतात आणि टोपोशीटवर नसलेल्या पुष्कळ वाटा सापडतात. अर्ज करून नक्कल मिळते.

खडीसाखर

पाथरवट, मला आणि माझ्या बहिणीला सप्टेंबरमध्ये हे पठार बघायचंय. जुनी शीट फोनवर टाकून चालेल का?

पाथरवट

सोबत जरूर ठेवा, पण वाट शोधायला नवी शीटच वापरा. तीन गोष्टी सांभाळा.

एक, जुन्या शीट १९२७ च्या किंवा त्याआधीच्या संदर्भजाळ्यावर (अक्षांश-रेखांश मोजायच्या मूळ चौकटीवर) आहेत. फोनचं जीपीएस वेगळ्या जाळ्यावर चालतं. जुळवणी न करता टाकलंत तर कॅलिफोर्नियात १०० मीटरच्या आसपास घसरतं. कुरणात चालून जाईल, खिंडीत नाही. दोन, होकायंत्र वापरणार असाल तर कोपऱ्यात छापलेला चुंबकीय फरक घेऊ नका. १९५० च्या दशकात इथे तो पूर्वेला १६ अंशांच्या आसपास होता, आता १२ च्या जवळ आहे. तीन, २००९ नंतरच्या ‘यूएस टोपो’ शीट संगणकावर माहितीसाठ्यातून तयार होतात, जागेवर जाऊन कुणी तपासत नाही. झरे, जुन्या गुराखी-छावण्यांच्या खोल्या, काही वाटा त्यात गळलेल्या आहेत. त्यासाठी १९५० ते ९० च्या दरम्यानची शीट उत्तम. पण तिच्यावरचा झरा सप्टेंबरमध्ये वाहत असेलच असं धरू नका. पाणी नदीवर किंवा मोठ्या ओढ्यावर भरा.

लोन पाइनहून हॉर्सशू मेडोपर्यंत डांबरी रस्ता आहे, तो जवळपास १० हजार फुटांवर नेऊन सोडतो. पहिली रात्र तिथेच काढा, उंचीची सवय होईल. रात्रीच्या मुक्कामासाठी वाइल्डरनेस परमिट लागतं, आणि स्टोव्ह पेटवायचा असेल तर कॅम्पफायर परमिट वेगळं. मग मल्की पासने चढा. ही खिंड बुटकी आहे आणि गुरं याच वाटेने पठारावर नेत. पलीकडे उतरलात की मल्की मेडो. तिथे सप्टेंबरात गुरं भेटू शकतात. बाजूने, सावकाश जा आणि त्यांना वाटेवरून हाकलू नका.

खडीसाखर

खूप आभार. परमिटचा अर्ज आजच करते. बहीण विचारतेय, मल्कीहून टनेल मेडो एका दिवसात होईल का?

पाथरवट

चालण्याची सवय असेल तर होईल, पण पाठीवर ओझं असताना घाई करू नका, मध्ये एक मुक्काम धरा. टनेलला गेलात तर त्या चराचे फोटो मात्र इथे टाका, रेखांश सरांना आणि मोजणीदार काकांना दाखवायचे आहेत.